शस्त्रक्रियेपूर्वींचें केळवण

लग्न ठरलेल्या मुलामुलींस आप्तेष्टांनीं घरीं बोलावून गोडाधोडाचें जेवूं घालावें, यास आपण केळवण म्हणतों. तुळशीचें लग्न लागलें कीं आमच्या मालवणांत केळवणांचे दिवस सुरू होतात. गेल्या कार्तिकांत आमच्या नात्यांत अशीं चार केळवणें झालीं. परंतु ज्याच्यासाठीं तीं झालीं त्याचें लग्न होऊन बारा वर्षें लोटलीं होतीं. तो माझा पुतण्या. वय ३९, उंची ५ फूट ६ इंच, वजन १२८ किलो. वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया करून घेण्याचें त्यानें ठरविलें होतें, मार्गशीर्षांतील तारीख मिळाली होती, आणि "पुढें बिचाऱ्याला कांहीं खातां येणार नाहीं, तोंवर चार घांस सुखाचे खाऊं द्या," अशा कळवळ्यानें घरोघर त्याच्यासाठीं पानें मांडलीं गेलीं.

या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या दिरांवर अशीच शस्त्रक्रिया चार महिन्यांनीं व्हावयाची आहे. घरांत लहानमोठीं अठरा माणसें, चूल एकच. तोंवर दिरांच्या पानांत काय वाढावें, असें त्या विचारतात. मी डॉक्टर नव्हे. संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेला एक निवृत्त शाळामास्तर. त्यांच्या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर त्यांचे शल्यचिकित्सक व आहारतज्ज्ञ देतील, आणि तेंच प्रमाण मानावें. परंतु आमच्या घरानें या बाबतींत एक चूक केली, व ती निस्तरतांना कांहीं गोष्टी शिकल्या. त्या सांगण्याचा अधिकार मला आहे, कारण त्या चुकींत माझा वांटा मोठा होता.

पहिल्या घरीं शिरवाळे व नारळाचा रस, दुसऱ्या घरीं उकडीचे मोदक, तिसऱ्या घरीं पुरणपोळी, आणि शेवटचें केळवण आमच्या घरीं, खापरोळ्यांचें. पुतण्या पानावर आडवा हात धरीत होता, आणि मीं तो हात बाजूस सारून रसाची दुसरी पळी वाढली. आग्रह हा आपल्याकडे सौजन्याचाच भाग समजला जातो. त्या दिवशींही तो तसाच समजला गेला. मधल्या पांच आठवड्यांत मालवणी खाजा, धोंडस, आंबापोळी, हें सारें "आतां शेवटचेंच" म्हणून घरांत येत राहिलें.

ठरल्या दिवशीं आम्ही कोल्हापुरास गेलों. तेथें वजन भरलें १३२ किलो. सोनोग्राफी झाली. शल्यचिकित्सकांनीं ती पाहिली, शांतपणें खुर्ची पुढें ओढली आणि सांगितलें कीं, यकृत इतकें मोठें झालें असतांना मी हात घालणार नाहीं. तीन महिन्यांनीं या. परततांना फोंडाघाटांत गाडी थांबली, तेव्हां पुतण्या खालीं उतरलाही नाहीं. रात्रीं पडवींत सर्व बसलीं असतां तो एवढेंच म्हणाला, "काका, मी नको म्हणत होतों तें कोणीं ऐकलेंच नाहीं. नको म्हणतांना मला किती जड जात होतें, तें तुम्हांला ठाऊक नाहीं."

या तीन महिन्यांचें मोल काय होतें तें सांगतों. पुतण्यास मधुमेह आहे. झोपेंत त्याचा श्वास मध्येंच थांबे व मोठा आचका देऊन पुन्हां सुरू होई. सूनबाई कित्येक रात्रीं तो श्वास मोजीत जागी बसे. या शस्त्रक्रियेस कोणी हौस म्हणतात, कोणी आळशी माणसाची पळवाट म्हणतात. पण ज्यानें असा श्वास थांबलेला ऐकला आहे तो तसें म्हणणार नाहीं. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागिलें असतां जो आंकडा येतो, तो आपल्या लोकांत २३ च्या आंत असावा असें मानतात. पुतण्याचा ४५ च्या वर होता. भारतांत हा आंकडा ३७.५ च्या वर असेल, किंवा मधुमेहासारखा विकार जडून ३२.५ च्या वर असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा असा संकेत पुष्कळ वर्षें चालत आला. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय सूचनांनीं ही मर्यादा आणखी खालीं आणिली आहे.

आतां जठराच्या शस्त्रक्रियेंत यकृताचा संबंध काय? यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या बाजूवर छपरासारखा पसरलेला असतो. हल्लीं ही शस्त्रक्रिया पोटास चार-पांच लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साह्यानें करतात. छपराची कड उचलून धरल्याखेरीज खालीं कामास वाव मिळत नाहीं. मेदानें भरलेलें यकृत जड व ठिसूळ असतें. तें नीट उचललें जात नाहीं, आणि उचलतांना त्यास इजा होऊन रक्तस्राव होण्याची भीति असते. कधीं छिद्रांची पद्धति सोडून पोट उघडावें लागतें, कधीं आरंभिलेलें काम तसेंच थांबवावें लागतें.

हें यकृत भरतें कशानें? भात, साखर, गूळ, मैदा यांतून आलेली जास्तीची शर्करा यकृतांत ग्लायकोजेन या रूपानें सांठते, आणि या सांठ्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणीही तेथें राहतें. सांठ्याची जागा भरली कीं उरलेल्या शर्करेची चरबी होते. उलटपक्षीं हे पदार्थ कमी केले कीं आधीं तो सांठा व त्याचें पाणी जातें, मग चरबी वितळूं लागते. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं शस्त्रक्रियेच्या ३२ उमेदवारांस बारा आठवडे अत्यल्प उष्मांकांच्या आहारावर ठेवून त्यांच्या यकृताचें आकारमान वरचेवर मोजलें. तें सरासरीनें जवळजवळ पांचव्या हिश्शानें घटलें, आणि त्या घटीपैकीं शेंकडा ८० घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली. शस्त्रक्रियेआधींचे शेवटचे दोन आठवडे डॉक्टर इतके कडक कां ठेवतात, याचें उत्तर यांत आहे. आणि त्याच दिवसांत गोडाचीं केळवणें करणें म्हणजे काय, हेंही यावरून कळेल.

सुश्रुतानें सूत्रस्थानांत शस्त्रकर्माचे तीन भाग सांगितले आहेत : पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म. कोणत्या रोग्यास हलकें जेवण देऊन शस्त्र लावावें आणि कोणत्यास उपाशीं ठेवून, याचाही विचार तेथें आहे. हा अध्याय मीं अनेकदां वाचला होता. परंतु माझ्या घरांतील माणसाचें पूर्वकर्म चाललें असतां मी हातांत पळी घेऊन उभा राहिलों. पोथी वाचणें निराळें आणि ती स्वयंपाकघरापर्यंत पोंचणें निराळें.

लोकांच्या लक्षांत प्रधानकर्मच राहतें. २०१७ सालीं इजिप्तमधील इमान अहमद या सुमारें ५०० किलो वजनाच्या बाईंस खास मालवाहू विमानानें मुंबईस आणलें, आणि सैफी रुग्णालयांत डॉ. मुफझल लकडावाला यांनीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, हें वाचकांस आठवत असेल. विमानांतून खाट उतरविल्याचीं छायाचित्रें सर्वांनीं पाहिलीं. परंतु त्या ११ फेब्रुवारीस मुंबईंत आल्या व शस्त्रक्रिया ७ मार्चला झाली, आणि मधले आठवडे त्यांस मोजून-मापून द्रव आहारावर ठेविलें होतें, हें किती जणांनीं ध्यानांत ठेविलें? पुढें त्यांस अबू धाबीस नेण्यांत आलें व त्याच वर्षाच्या २५ सप्टेंबरला त्या निवर्तल्या. त्यांच्या शरीरांत इतर विकार अनेक होते. पण शस्त्र हें सर्व दुःखांवरचा एकच रामबाण उपाय नव्हे, एवढें त्या हकिकतीवरून समजावें.

असो. आतां भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे वळतों. शस्त्रक्रियेपूर्वींच्या काळाचे आम्हांस दोन भाग करून दिले होते : पहिले अडीच महिने अभ्यासाचे आणि शेवटचे दोन आठवडे कडक पथ्याचे. पहिल्या भागांत उपासमार मुळींच नव्हती. अमुक इतकें वजन घटविल्याशिवाय शस्त्रक्रियाच मिळूं नये, अशी विमा कंपन्यांची अट अमेरिकेंतील या शाखेच्या शल्यचिकित्सकांच्या संस्थेनें २०१६ सालीं अमान्य ठरविली आहे. म्हणून उमेदवारास महिनोन्‌महिने छळण्याचें कारण नाहीं. या काळांत बदलावयाची ती जेवण्याची रीत.

जठराची नळीसारखी लहान पिशवी ठेवण्याच्या शस्त्रक्रियेंत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात. पुढें एका वेळीं एका लहान वाटीएवढें अन्न मावतें, तेंही सावकाश खाल्लें तर. भराभर गिळण्याची संवय शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीं सुटत नाहीं. ती आधींच सोडावी लागते. म्हणून पुतण्यानें मोठें ताट सोडून मुलांची लहान थाळी घेतली. घांस लहान, प्रत्येक घांस वीस-पंचवीस वेळां चावावयाचा, आणि जेवण अर्ध्या तासांत, त्याहून लवकर नाहीं. जेवतांना पाणी नाहीं. जेवणाआधीं व नंतर अर्धा तास सोडून इतर वेळीं घोट-घोट पुष्कळ. आपल्याकडे आपोशन आरंभीं व उत्तरापोशन शेवटीं घेण्याची चाल होती, आणि पंगतींत श्लोक म्हणत जेवण्याचीही. त्या चालींमागें वैद्यकीय हेतु होता असा माझा दावा नाहीं. परंतु त्या मोडल्यापासून आमच्या घरांत जेवण दहा मिनिटांत उरकूं लागलें होतें, हें खरें.

मग पदार्थ. पहिला प्रश्न भाताचा. उकड्या तांदुळाची पेज सकाळीं, भात दुपारीं, भात रात्रीं, हा आमच्या कोंकणचा क्रम. भात बंद केला नाहीं. दुपारीं अर्धी वाटी ठेविला, रात्रीं नाचणीची एक लहान भाकरी. जेवणास आरंभ भातानें न करतां आधीं उसळ, मग भाजी, आणि उरलेल्या भुकेस भात, असा क्रम उलटा केला. साखरेचा चहा, बाटलीतलीं फसफसणारीं पेयें, अमृत कोकम हीं बंद. आगळ पाण्यांत घालून जिऱ्या-मिठाचें सार मात्र हवें तेवढें. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यांत सुमारें ३५० कॅलरी असतात, हें कळल्यावर आमच्या वहिनींनीं वाटणाचा नारळ निम्म्यावर आणिला. चार दिवस घरांतल्यांनीं नाकें मुरडलीं. पांचव्या दिवशीं कोणास आठवणही राहिली नाहीं.

दुसरा प्रश्न प्रथिनांचा. वजन उतरतांना स्नायु झिजूं नयेत व जखम लवकर भरावी म्हणून प्रथिनें लागतात. पुतण्यास दिवसाला ७० ग्रॅमांचें प्रमाण लावून दिलें होतें. शाळामास्तरास हिशेब आवडतो, म्हणून मीं तो मांडला. तीस ग्रॅम कोरड्या मुगांची उसळ, सुमारें ७ ग्रॅम. तेवढ्याच कुळथाच्या पिठाची पिठी, ६ ग्रॅम. एक वाटी घट्ट वरण, ७ ग्रॅम. दोन पेले दूध, १३ ग्रॅम. एक वाटी दहीं, ५ ग्रॅम. पन्नास ग्रॅम पनीर, ९ ग्रॅम. भात-भाकरी मिळून ५ ग्रॅम. बेरीज झाली ५२. आपलें शाकाहारी जेवण सात्त्विक खरें, पण या हिशेबांत तें तोकडें पडतें, हें मान्य करणें भाग आहे. उरलेलीं प्रथिनें आहारतज्ज्ञांनीं सांगितलेल्या भुकटींतून घ्यावीं लागलीं. ज्या सारस्वत घरांत मासे चालतात, किंवा जेथें अंडें चालतें, तेथें हें काम सोपें आहे. मात्र मासा तळलेला नसावा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण निराळें असतें, म्हणून आमचा आंकडा कोणीं उचलूं नये.

रक्ताचीही तपासणी होते. शाकाहारी माणसांत ब-१२ जीवनसत्त्व बहुधा कमी असतें. ड जीवनसत्त्व व लोहही पुष्कळदां कमी असतें. ही तूट आधींच भरून काढावी लागते, कारण शस्त्रक्रियेनंतर शरीर हीं द्रव्यें पूर्वींइतकीं शोषून घेऊं शकत नाहीं. तंबाखू व विडी कित्येक आठवडे आधींपासून पूर्ण बंद. मद्याचीही तीच गोष्ट. २०२५ पासून आपल्याकडे वजन उतरविण्याचीं जीं नवीं इंजेक्शनें मिळूं लागलीं आहेत, तीं कोणी घेत असेल तर शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांस आवर्जून सांगावें. त्यांमुळें पोट रिकामें होण्यास अधिक वेळ लागतो.

उपासाविषयीं एक शब्द. मार्गशीर्षाचे गुरुवार, संकष्टी, एकादशी हें सारें याच काळांत आलें. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपण हंसत म्हणतों. पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस व वऱ्याचे तांदूळ यांत शर्कराच भरलेली, प्रथिनें नांवालाच. पुतण्यानें त्या दिवशीं दूध, ताक व थोडीं फळें घेतलीं. वहिनींस प्रथम हें रुचलें नाहीं. परंतु देवासाठीं करावयाचा नेम माणसाच्या मुळावर येऊं नये, हें त्यांनींच मला मागाहून सांगितलें.

सर्वांत अवघड भाग पुढेंच आहे. काय खाल्लें, केव्हां, व तेव्हां मन कसें होतें, हें वहींत लिहावयास पुतण्यास सांगितलें होतें. मी रोज ती वही पाहूं लागलों, आणि जुन्या संवयीनें तांबड्या शाईनें खुणा करूं लागलों. आठवड्याभरांत वही निर्दोष झाली. वजन मात्र हालेना. एके रात्रीं पाणी प्यावयास उठलों तों कोठीच्या खोलींत तो अंधारांत लाडवाचा डबा घेऊन बसलेला. ३९ वर्षांचा कर्ता पुरुष, दोन मुलांचा बाप, मला पाहून डबा मागें लपवूं लागला. मीं दिवा न लावतां त्याच्या शेजारीं बसकण मारली. तो म्हणाला, "दिवसभर सर्व माझ्या पानाकडे पाहतात. रात्रीं कोणी पाहत नाहीं." दुसऱ्या दिवसापासून मीं ती वही उघडली नाहीं. ती तो थेट आहारतज्ज्ञांस दाखवूं लागला, खरी लिहूं लागला, आणि रात्रींची भूक कोठून येते याविषयीं तेथील मानसोपचारतज्ज्ञांशीं बोलूं लागला. पथ्य पाळणारास पहारेकरी लागत नाहीं, हें मला उशिरां कळलें.

शेवटचे दोन आठवडे दिवसाला ८०० ते १००० कॅलरींचा, बहुतांशीं द्रव आहार होता : साय काढलेलें दूध, लोणी काढलेलें ताक, मुगाचें गाळलेलें कढण, भाज्यांचें सार आणि ती भुकटी. पहिले तीन दिवस डोकें दुखलें, चीडचीड झाली, मलावरोध झाला. चौथ्या दिवसापासून अंग हलकें वाटूं लागलें. येथें मधुमेह्यांनीं एक गोष्ट काळजीपूर्वक ध्यानांत घ्यावी. आहार एकदम उतरला आणि औषध पूर्वींइतकेंच राहिलें तर रक्तांतील साखर धोक्याच्या खालीं जाऊं शकते. गोळ्या व इन्सुलिन यांचें प्रमाण किती उतरवावें, कोणती गोळी शस्त्रक्रियेच्या किती दिवस आधीं थांबवावी, हें पथ्य सुरू करण्यापूर्वींच डॉक्टरांकडून लिहून घ्यावें. या पंधरवड्याचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीवांचून कोणींही घरच्या घरीं करूं नये.

फाल्गुनांत आम्ही पुन्हां कोल्हापुरास गेलों. वजन १२१ किलो होतें. या वेळीं शल्यचिकित्सकांनीं सोनोग्राफी पाहून मान डोलाविली, व दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली. पुढची हकीकत पश्चात्कर्माची. ती जन्मभर चालावयाची आहे. औषधी जीवनसत्त्वें जन्मभर, तपासण्या जन्मभर. आणि जुनी रीत परतली तर वजनही परततें, असें आम्हांस स्पष्ट सांगितलेलें आहे. तूर्त सूनबाई रात्रीं झोपते, एवढें लिहिलें तरी पुरे.

यंदाच्या भाद्रपदांत चतुर्थीच्या पंगतीस पुतण्या लहान थाळी घेऊन सर्वांबरोबर बसला. वहिनींनीं एक मोदक वाढला व विचारलें, "आणखी?" तो म्हणाला, "नको." वहिनी पुढच्या पानाकडे गेल्या. त्यानें अर्धा मोदक सावकाश खाल्ला आणि उरलेला धाकट्या मुलाच्या पानांत ठेविला. कोणीं कांहीं बोललें नाहीं.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनींस माझें सांगणें इतकेंच. दिरांसाठीं निराळा स्वयंपाक मांडूं नका. सर्वांच्याच स्वयंपाकांत साखर, तेल व नारळ थोडा कमी करा, म्हणजे त्यांस पंगतींत एकटें वाटणार नाहीं. घरांत गोडाचे डबे चार महिने भरूं नका. शेजारणींस व नणंदांस आजच सांगा कीं, केळवण करावयाचें असेल तर मुगाच्या कढणाचें करा. त्यांच्या पानाकडे पाहूं नका. आणि वाढतांना ते "नको" म्हणाले, तर पहिल्याच "नको"ला पळी मागें घ्या.